मुका पहारेकरी : पैजेच्या जाहिरातींविषयीं एक धडा

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१–९, यशया ५६:१०, ११, प्रेषितांचीं कृत्यें १६:१६–२४.
पाठांतरासाठीं वचन : नीतिसूत्रें १३:११. (घरांतील वडील माणसांनीं तें शास्त्रांतून वाचून मुलांकडून पाठ करवून घ्यावें.)



देवानें यहेज्केल संदेष्ट्यास पहारेकऱ्याचें जें काम सांगितलें, तें समजावयास आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांस फार विचार करावा लागणार नाहीं. भात तयार होऊं लागलें म्हणजे शेतांत माळा घालून घरांतील एक माणूस रात्रीं राखणीस बसतो. रानडुकरें बांधावर आलीं कीं तो डबा बडवितो व आरोळी देतो. तो झोंपीं गेला आणि सकाळीं शेत तुडविलेलें दिसलें, तर डुकरांस कोणी बोल लावीत नाहीं. बोल राखणदारास लागतो. शास्त्राचें म्हणणें असेंच आहे. तरवार येतांना पाहून पहारेकऱ्यानें शिंग फुंकलें आणि ऐकणाऱ्यानें पर्वा केली नाहीं, तर दोष ऐकणाऱ्याचा. परंतु शिंगच फुंकलें नाहीं, तर जो जीव गेला त्याचा जाब देव पहारेकऱ्याजवळ मागेल. यशया संदेष्टा तर आपल्या काळच्या पहारेकऱ्यांस भुंकतां न येणाऱ्या कुत्र्यांची उपमा देतो. आणि त्यांचें पोट कधीं भरत नाहीं, हेंही तो सांगतो.

येथें आपल्याच खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीची आठवण मनांत येते. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले आणि ५७ माणसें सांपडलींच नाहींत. दरडीचें भय असलेल्या गांवांची जी सरकारी यादी होती, तींत त्या वाडीचें नांव नव्हतें. गेलेल्यांचा ह्यांत कांहीं एक दोष नव्हता, व त्यांच्या दुःखाचा दाखला कोणी हलक्या मनानें देऊं नये. परंतु त्या रात्रीनें आपणां सर्वांस एक गोष्ट शिकविली आहे. यादींत नांव नाहीं म्हणून संकट येत नाहीं असें नाहीं; आणि कागदावर पहारा आहे म्हणून घर राखलें जातें असेंही नाहीं. आज ज्या संकटाचा विचार करावयाचा, तें डोंगरावरून येत नाहीं. तें आपल्या खिशांतील मोबाईलमधून येतें. तें म्हणजे पैजेचा धंदा व त्याची फसवी जाहिरात.

१. तरवार कोणती?

पैज लावणें आपल्या प्रांतांत नवें नाहीं. १८८७ सालीं मुंबई इलाख्यांत जुगार प्रतिबंधक कायदा झाला. त्या काळीं मुंबईंत पावसावरही पैजा लागत. १८८९ सालीं हा प्रश्न उच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां पावसाची पैज त्या कायद्याच्या शब्दांत बसत नाहीं असें ठरलें. म्हणून १८९० सालीं कायदा दुरुस्त करावा लागला. पुढें न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेनें मुंबईस येत, त्या भावांच्या आंकड्यांवर लोक पैसे लावूं लागले. १९६१ च्या सुमारास ते भाव येणें बंद झालें, तेव्हां मडक्यांत चिठ्ठ्या घालून आंकडा काढण्याची युक्ति निघाली, व 'मटका' हें नांव खेड्यापाड्यांत पोंचलें. ह्या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. खेळ पुढें पळतो आणि कायदा मागून धांपा टाकीत येतो.

तथापि पूर्वीं आंकडा लावावयास माणसास अंधाऱ्या बोळांत जावें लागे. वाटेंत कोणी ओळखीचें पाहील, ही लाज पुष्कळांस परत फिरवीत असे. आतां अड्डाच माणसाकडे चालत आला आहे. कर्जतहून मुंबईस जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत, खोपोलीच्या कारखान्याच्या फाटकापाशीं, वीटभट्टीवरील खोपटांत, किंबहुना प्रार्थनेच्या वेळीं मांडीवर ठेवलेल्या मोबाईलवरही तो येतो, आणि त्यास येतांना कोणी पाहत नाहीं.

समजा, खालापूर तालुक्यांतील एका वाडींतला तरुण खोपोलीस कंत्राटी कामावर आहे. आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यानें आठ हजार रुपये बाजूस ठेविले आहेत. क्रिकेटचे सामने चालूं आहेत. मोबाईलवर एक हंसरा चेहरा येऊन म्हणतो कीं, तुला खेळ कळतो, मग त्या ज्ञानाचे पैसे कां करीत नाहींस? तरुण पांचशें रुपये लावतो आणि नऊशें मिळवितो. आईस तो कांहीं सांगत नाहीं. एकदम पंधरा हजार तिच्या हातीं ठेवावे असें त्याच्या मनांत आहे. हा तरुण वाईट नाहीं, आईवर प्रेम करणारा आहे. तरवारीनें घाव घालावयास त्याचें प्रेमच शोधून काढिलें, हें लक्षांत ठेवा.

२. जाहिरात खोटें कसें बोलते?

जाहिरात ही एक प्रकारची साक्षच होय. विकणारा लोकांपुढें उभा राहून आपल्या मालाविषयीं साक्ष देतो. म्हणून खोट्या साक्षीविषयींची नववी आज्ञा त्यासही लागू आहे. पैजेची जाहिरात ती आज्ञा कशी मोडते तें क्रमानें पाहूं.

पहिली रीति, अर्धें सत्य सांगणें. ती जिंकणारा दाखविते, हरणारा दाखवीत नाहीं. मटक्याचा साधा हिशोब घ्या. शून्यापासून नऊपर्यंत दहा आंकडे असतात, आणि आंकडा लागला तर रुपयास साधारणतः नऊ रुपये मिळतात. समजा, दहा घरांतील दहा माणसांनीं दहा निरनिराळ्या आंकड्यांवर रोज दहा दहा रुपये लाविले. बुकीजवळ शंभर जमले. जिंकलेल्यास त्यानें नव्वद दिले व दहा आपल्या खिशांत घातले. दहा दिवसांत प्रत्येक जण एकेकदां जिंकला असें धरलें, तरी प्रत्येकानें शंभर दिले आणि नव्वद घेतले. कोणाचेंही नशीब फुटलें नाहीं, कोणी लबाडी केली नाहीं, तरीही दहा घरें दहा दहा रुपयांनीं गरीब झालीं आणि बुकीचे शंभर झाले. जाहिरातींत मात्र त्या दहा दिवसांतील एकच दिवस दाखवितात. क्रिकेटच्या पैजेंतही गाभा तोच असतो. सारख्या बळाच्या दोन संघांवर शंभर शंभर रुपये लागले, तर जिंकणाऱ्यास दोनशें न देतां एकशें नव्वदच्या आसपास देतात. उरलेले दहा धंदेवाल्याचे. शिवाय मटक्याचा आंकडा दिवसांतून एकदोनदां निघे. मोबाईलवर तो मिनिटामिनिटास निघतो. जें दहा दिवसांत जात असे तें आतां घटकाभरांत जातें.

२०२३ च्या ऑक्टोबरांत पिंपरी-चिंचवडच्या पोलिस दलांतील एका फौजदारास मोबाईलवरील खेळांत दीड कोटि रुपये मिळाल्याची बातमी महाराष्ट्रभर झाली. पुढें त्यास निलंबित करण्यांत आलें, हेंही छापून आलें. आपल्या वाडींत कोणासही विचारून पाहा, ह्या दोन बातम्यांपैकीं कोणती लक्षांत राहिली? बातमीसुद्धां अशी फुकटची जाहिरात होऊन बसते.

दुसरी रीति, देणगीचें आमिष. 'पांचशें भरा, आम्ही पांचशें वर घालतों' असें मोठ्या अक्षरांत असतें. ते हजार रुपये काढून घ्यावयाचे तर आधीं त्यांच्या दहा पट, कोठें वीस पट रकमेच्या पैजा लावल्या पाहिजेत, ही अट बारीक अक्षरांत असते. दहा पट म्हणजे दहा हजारांच्या पैजा. वर सांगितल्याप्रमाणें शेंकडा पांच गेले, तर सरासरीनें पांचशें रुपये तेथेंच संपले. देणगी दिलीच नव्हती. माणसास दहा हजारांच्या पैजा लावावयास शिकविण्याची ती फी होती.

तिसरी रीति, मोठ्या माणसाचा चेहरा. २०२३ च्या जुलैपासून २०२५ च्या ऑगस्टपर्यंत भारताच्या क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर मोबाईलवरील पैशांच्या खेळाच्या एका कंपनीचें नांव होतें. मुलानें संघावर प्रेम करावें आणि प्रेमाबरोबर तें नांवही गिळावें, अशी ती योजना. त्याही पुढची पायरी म्हणजे चेहराच चोरणें. २०२४ च्या जानेवारींत सचिन तेंडुलकर एका खेळाची शिफारस करीत आहेत असें दाखविणारी चित्रफीत पसरली. ती यंत्रानें बनविलेली होती. आपण असें कांहीं बोललों नाहीं असें त्यांनीं स्वतः जाहीर केलें व पोलिसांत तक्रार झाली. म्हणून डोळ्यांनीं पाहिलें, कानांनीं ऐकिलें, एवढ्यावरून आतां साक्ष खरी मानतां येत नाहीं.

चौथी रीति, दुसऱ्या मालाचा बुरखा. पैजेची जाहिरात करूं देत नाहींत, म्हणून परदेशी कंपन्या त्याच नांवाचें, त्याच रंगाचें खेळांच्या बातम्यांचें संकेतस्थळ काढतात व त्याची जाहिरात करतात. माणूस बातमी वाचावयास जातो आणि पैजेच्या दारांत येऊन पोंचतो. त्या कंपन्यांचीं नांवें आम्ही येथें मुद्दाम देत नाहीं. नांव छापणें हीच त्यांना हवी असलेली जाहिरात होय.

आपल्या तरुणाकडे परत येऊं. नऊशें मिळाल्यावर त्यानें दोन हजार लाविले व ते गेले. गेलेले परत मिळवावयास तीन हजार लाविले. पंधरा दिवसांत आठ हजार संपले. मग मोबाईलवरूनच झटपट कर्ज घेतलें. शेवटीं एका टेलिग्राम गटावरील अनोळखी माणसानें त्यास सांगितलें कीं, तुझें बँकेचें खातें व सिमकार्ड आम्हांस वापरावयास दे, महिन्यास पैसे देऊं. अशीं भाड्याचीं खातीं हा ह्या धंद्याचा पाया आहे. हरलेल्यांचे पैसे गरिबांच्या नांवावरील खात्यांतून फिरवितात, आणि पोलिस येतात ते खातेदाराच्या दारीं. दूर देशीं बसलेल्या मालकाच्या दारीं नव्हे.

३. पहारेकरी मुका कां?

ह्या जाहिरातींवर पहारा नाहींच असें नाहीं. पहारेकरी एकाहून अधिक आहेत.

पहिला, 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही मुंबईंतील संस्था. ती सरकारी नव्हे; आपल्या धंद्यास शिस्त असावी म्हणून जाहिरातींशीं संबंध असलेल्या लोकांनींच १९८५ सालीं ती स्थापिली. २०२० च्या डिसेंबरांत तिनें पैशांच्या ऑनलाइन खेळांविषयीं नियम लागू केले. अठरा वर्षांखालील मुलें खेळतांना दाखवूं नयेत. खेळास रोजगाराचें साधन म्हणूं नये. छापील जाहिरातींत निदान पंचमांश जागेवर पैशांच्या धोक्याची व व्यसनाची सूचना असावी. नियम चांगले आहेत. परंतु मोडणाऱ्यास ती फार तर 'जाहिरात बदला अथवा मागें घ्या' असें सांगते व प्रकरण सरकारकडे पाठविते. दंड करण्याचा अधिकार तिला नाहीं. २०२४-२५ ह्या वर्षीं तिनें ज्या ७,१९९ जाहिराती तपासल्या, त्यांत शेंकडा ४३ बेकायदा पैजेच्या होत्या. हा पहारेकरी भुंकतो, परंतु त्यास दांत नाहींत.

दुसरा, केंद्र सरकारचें माहिती व प्रसारण मंत्रालय. पैजेच्या जाहिराती घेऊं नका, असें त्यानें वर्तमानपत्रें, दूरचित्रवाणी व ऑनलाइन माध्यमें ह्यांस १३ जून २०२२ रोजीं कळविलें. ३ ऑक्टोबर २०२२ रोजीं बुरख्याच्या जाहिरातींविषयीं पुन्हां कळविलें. २०२३ च्या एप्रिलांत व ऑगस्टांत पुन्हां, आणि २१ मार्च २०२४ रोजीं समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींस उद्देशून पुन्हां. ह्या पत्रांचें नांव 'सल्ला' असें होतें. एकच गोष्ट पांच वेळां सांगावी लागली, ह्यावरून आधींच्या चार वेळां ती कितीशी ऐकिली गेली हें उघड आहे.

तिसरा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. हें २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२० सालीं स्थापन झालें. ह्यास मात्र दांत आहेत. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, पुन्हां केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करतां येतो. शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीस एक वर्ष, पुन्हां केल्यास तीन वर्षें जाहिराती करण्यास मनाई करतां येते. पैजेच्या जाहिरातींविषयीं त्यानेंही ६ मार्च २०२४ रोजीं सूचना काढिली.

चौथा, नवा कायदा. पैशांच्या ऑनलाइन खेळांनीं ४५ कोटि लोकांस झळ पोंचते व वर्षास वीस हजार कोटि रुपयांहून अधिक नुकसान होतें, असा अंदाज सरकारनेंच सांगितला, आणि २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टास त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, असें त्यांत आहे. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद दाखवून पूर्वीं जी पळवाट काढीत, ती ह्या कायद्यानें बुजविली. देशांतील मोठ्या कंपन्यांनीं आपले पैशांचे खेळ बंद केले, आणि कांहीं जण कायद्याविरुद्ध न्यायालयांत गेले.

एवढे पहारेकरी असतां चोर आंत कसा येतो? ह्याचीं तीन कारणें आहेत. पहिलें कारण, खरा विकणारा समुद्रापलीकडे असतो. कुरासाव, माल्टा, सायप्रस अशा ठिकाणच्या नांवानें तो धंदा करतो. सरकार त्याचें संकेतस्थळ बंद करतें, तर दुसऱ्या दिवशीं एक अक्षर बदलून तो नव्या नांवानें उघडतो. २०२२ पासून २०२४ पर्यंत अशीं स्थळें बंद करण्याचे सुमारें तेराशें आदेश निघाले. तरी दुकान चालूंच राहिलें.

दुसरें कारण शास्त्रपाठांत आहे. फिलिप्पै शहरांत एका दासीच्या भविष्य सांगण्यावर तिचे धनी पुष्कळ मिळकत करीत. पौलानें तिला मुक्त केलें, तेव्हां धन्यांस ती बरी झाल्याचा आनंद झाला नाहीं. मिळकतीची आशा गेली म्हणून ते रागावले, आणि त्यांनीं पौल व सीला ह्यांस चौकांत ओढीत नेलें. अधिकाऱ्यांनीं चौकशी न करितां त्या दोघांस फटके मारविले. लूत झालेल्या दासीविषयीं कोणी एक शब्दही बोललें नाहीं. ज्या जाहिरातीवर छापणारा, दाखविणारा, चेहरा देणारा व मैदान देणारा असे सर्व जण जेवतात, तिच्याविरुद्ध शिंग फुंकावयास त्यांच्यापैकीं कोण उठणार? यशयानें म्हटलेंच आहे कीं त्या पहारेकऱ्यांचें पोट भरत नाहीं.

तिसरें कारण आपल्या घरांत आहे. हरलेला माणूस लाजेनें बोलत नाहीं, घरचीं माणसें अब्रूसाठीं बोलत नाहींत, आणि मंडळी आपसांत कुजबुजते पण तक्रार करीत नाहीं. सरकारी पहारेकरी मुका आहे म्हणून बोल लावणारे आपण स्वतः काय करीत आहों? राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करावी असें पौल तीमथ्यास सांगतो. त्यांचा उपहास करणें हा ह्या धड्याचा हेतु नाहीं. परंतु यहेज्केलाचें वचन अधिकाऱ्यांपुरतें नाहीं. ज्यास तरवार दिसली तो प्रत्येक जण पहारेकरी आहे.

४. दोन शंका

कोणी म्हणेल, शेतकरीही पावसावर भरंवसा ठेवून बीं टाकतो. मग तोही जुगारीच नव्हे काय? नव्हे. शेतकऱ्याचें पीक आलें म्हणजे शेजाऱ्याचें नाहींसें होत नाहीं. जगांत धान्य वाढतें. पैजेंत कांहींच पिकत नाहीं. एकाच्या पदरांत जें पडतें तें दुसऱ्याच्या ताटांतून काढिलेलें असतें, आणि मधल्यामध्यें दलाल आपला घांस काढून घेतो. शेतकरी जोखीम पत्करतो ती श्रम करून व देवाकडे पाहून. जुगारी जोखीम पत्करतो ती श्रम चुकवून व शेजाऱ्याच्या खिशाकडे पाहून. प्रभूच्या वधस्तंभाखालीं शिपाई त्याच्या झग्यासाठीं चिठ्ठ्या टाकीत बसले होते. वर कोण दुःख सोशीत आहे हें पाहावयास त्यांस सवड नव्हती. जुगारानें मनाची स्थिति अशी होते.

दुसरी शंका अशी कीं, सरकारनें स्वतःच १९६९ सालीं राज्य लॉटरी काढिली, मग आपण कां चालवूं नये? ही शंका खरी आहे, व तिचें उत्तर सरकारास शोभेल असें नाहीं. परंतु उत्तर देण्यापूर्वीं आपणही आरशांत पाहिलें पाहिजे. कोठें कोठें मंडळीच्या कापणीच्या सणांत मंदिराच्या दुरुस्तीसाठीं सोडतीचीं तिकिटें विकतात. रक्कम लहान असते, हेतु चांगला असतो. तथापि लहान मूल तेथेंच प्रथम शिकतें कीं दहा रुपयांत घड्याळ मिळूं शकतें. ज्यानें हें मंदिरांत शिकलें त्यास मोबाईलवर नाहीं म्हणावयास आपण कोणत्या तोंडानें सांगावें? देवाच्या कामास लागणारें धन दानानें यावें, आशा दाखवून नव्हे.

५. आपलें शिंग कसें फुंकावें?

(१) तक्रार करा. अन्यायी न्यायाधीशापुढें जी विधवा वारंवार गेली तिची गोष्ट (लूक १८:१–८) प्रार्थनेविषयीं आहे खरी, परंतु चिकाटीनें दार ठोठावणाऱ्यापुढें आळशी अधिकारीही शेवटीं उठतो, हेंही तींत दिसतें. पैजेची जाहिरात दिसली कीं मोबाईलच्या पडद्याचें चित्र काढून ठेवावें. तारीख, वेळ व ती कोठें दिसली हें लिहून ठेवावें. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन फसवणुकीनें पैसे गेले असल्यास विलंब न लावितां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. एका उपदेशकानें महिन्यास एक तक्रार केली, तर वर्षांत बारा होतात. दहा गांवांच्या एकशें वीस होतात. मग कोणीच तक्रार केली नाहीं असें म्हणावयास जागा उरत नाहीं.

(२) आपलें बँकेचें खातें, ए.टी.एम. कार्ड, सिमकार्ड अथवा आधाराची प्रत कोणासही भाड्यानें वा मैत्रीनें देऊं नका. ही गोष्ट वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांस, त्यांच्या बोलींत, पुनःपुन्हां सांगावी.

(३) तरुण संघांत वरील दहा आंकड्यांचा हिशोब प्रत्यक्ष करून दाखवावा. पैशांऐवजीं चिंचोके घ्यावे. दहा जणांस दहा दहा चिंचोके द्यावे. प्रत्येकानें दर फेरीस एक चिंचोका निराळ्या आंकड्यावर ठेवावा. जिंकणाऱ्यास नऊ द्यावे व एक डब्यांत टाकावा. दहा फेऱ्या झाल्या कीं डबा उघडून दहा चिंचोके सर्वांसमक्ष मोजावे. एका प्रवचनापेक्षां हे दहा चिंचोके अधिक बोलतील.

(४) जो ह्या जाळ्यांत सांपडला आहे त्याची मंडळींत चर्चा करूं नका. त्याच्या घरीं जा. हातीं रोकड देऊं नका. त्याच्याजवळ बसून कर्जाची यादी करा, घरच्या माणसांस विश्वासांत घ्या, आणि पगार कांहीं महिने दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हातीं राहील अशी त्याच्या संमतीनें व्यवस्था करा. तो जिवाविषयीं निराशेचे शब्द बोलूं लागला तर त्यास एकटा सोडूं नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें फुकट व मराठींत बोलतां येतें.

(५) उपदेशक बंधूंनो, प्रथम आपला मोबाईल तपासा. राखणदाराच्या माळ्यावरच डुकरें चढलीं असतील तर शेत कोण राखील?

आपल्या कल्पनेंतील तरुणाचें पुढें काय झालें, हें आम्ही लिहीत नाहीं, कारण तें अजून ठरावयाचें आहे. आईची शस्त्रक्रिया राहिली आहे. कर्जवाल्यांचे फोन येत आहेत. खातें भाड्यानें देण्याचें त्यानें उद्यांपर्यंत सांगतों म्हटलें आहे. रविवारीं तो मंदिरांत शेवटच्या रांगेंत बसतो आणि आशीर्वाद होण्यापूर्वींच निघून जातो. त्याच्या यादींतल्या पहारेकऱ्यांपैकीं कोणीही त्याच्यापर्यंत पोंचलेला नाहीं: मुंबईची संस्था नाहीं, दिल्लीचें मंत्रालय नाहीं, संसदेचा कायदाही नाहीं. त्याच्याच रांगेंत मात्र आपण बसलों आहों. ह्या रविवारीं त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत जाणारा कोणी निघाला, तर शिंग फुंकलें गेलें असें समजावें.

प्रश्न

१. राखणदार झोंपला तर दोष कोणाचा? यहेज्केल ३३:६ काय सांगतें?
२. दहा आंकड्यांच्या खेळांत सर्व जण सारखे जिंकले तरी सर्व गरीब कां होतात?
३. पैजेच्या जाहिरातीनें कोणती आज्ञा मोडते? चार रीति सांगा.
४. फिलिप्पै येथील धनी कां रागावले? आज त्यांच्या जागीं कोण आहेत?
५. शेतकऱ्याची जोखीम व जुगाऱ्याची जोखीम ह्यांत भेद काय?
६. आपल्या मंडळींत अशा संकटांत सांपडलेला कोणी आहे काय? त्याचें नांव येथें घेऊं नका. प्रार्थनेंत घ्या, आणि ह्या आठवड्यांत त्यास भेटा.

प्रार्थना

हे प्रभो, तूं झोंपत नाहींस. आम्हांस जागें ठेव. जें दिसतें तें बोलण्याचें धैर्य दे, जो पडला आहे त्यास उचलण्याची ममता दे, आणि आमच्या हातांच्या कष्टांची भाकर आम्हांस पुरेशी वाटूं दे. येशूच्या नांवानें. आमेन.